‘दिशाभूल’ : तीन कायद्यांतील एका शब्दाची मीमांसा

गेल्या सहा-सात वर्षांत ग्राहक संरक्षण, प्रसारमाध्यमे आणि फौजदारी कायदा या तीन क्षेत्रांत आपल्या देशात जे बदल झाले, त्यांच्यावर आतापर्यंत पुष्कळ लिहून झाले आहे. त्यातील बहुतेक लेखन कोष्टकांच्या स्वरूपाचे आहे. जुन्या भारतीय दंड संहितेची ५११ कलमे होती, नव्या भारतीय न्याय संहितेची ३५८ आहेत; अमुक कलमाला आता तमुक क्रमांक आला; या जातीची माहिती उपयुक्त असते, आणि परीक्षार्थींना तर ती अपरिहार्यच होय. परंतु कायदा हा क्रमांकांचा संच नसून शब्दांची रचना आहे, आणि शब्दरचनेची समीक्षा करावयाची तर तिच्यातील एखाद्या शब्दाला हाताशी धरून त्याचे वर्तन न्याहाळणे ही अधिक फलदायी वाट ठरते. प्रस्तुत लेखात असा एकच शब्द घेतला आहे. तो म्हणजे ‘दिशाभूल करणारे’ हे विशेषण.

हा शब्द अलीकडच्या तीन विधानांत आढळतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये तो जाहिरातीला लावलेला आहे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मध्ये ६ एप्रिल २०२३ रोजी जी दुरुस्ती झाली, तिच्यात तो केंद्र सरकारच्या कारभाराविषयीच्या मजकुराला लावला होता. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १९७ व्या कलमात तो देशाचे सार्वभौमत्व, एकात्मता व सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या माहितीला लावलेला आहे. शब्द एकच, परंतु पहिल्या ठिकाणी त्याची व्याख्या आहे, दुसऱ्या ठिकाणी व्याख्या नव्हती, आणि तिसऱ्या ठिकाणीही नाही. उलट शिक्षेची व धाकाची मात्रा पाहिली तर ती मात्र याच क्रमाने चढत गेलेली दिसते. जेथे चुकीचे परिणाम सर्वांत हलके तेथे शब्द सर्वांत नेमका, आणि जेथे माणसाला पोलीस कोठडीत जावे लागेल तेथे तो सर्वांत सैल, अशी ही उफराटी व्यवस्था आहे. ती कशी निर्माण झाली आणि तिच्यात नेमके काय बिघडते, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम ग्राहक कायद्याकडे वळू. १९८६ च्या मूळ अधिनियमात ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ अशी स्वतंत्र व्याख्या नव्हती. खोट्या व भुलवणाऱ्या निवेदनांचा विचार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या व्यापक सदराखाली होत असे. २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागलेल्या नव्या अधिनियमाने दुसऱ्या कलमाच्या २८ व्या खंडात ही व्याख्या प्रथमच दिली. वस्तूचे वा सेवेचे खोटे वर्णन करणारी जाहिरात. खोटी हमी देणारी, अथवा वस्तूचे स्वरूप, घटकद्रव्य, परिमाण वा दर्जा यांविषयी ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव ज्या जाहिरातीत आहे ती. उत्पादकाने वा विक्रेत्याने स्वतः केले असते तर अनुचित व्यापारी प्रथा ठरले असते असे उघड अथवा गर्भित निवेदन करणारी. आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणारी, असे तिचे चार प्रकार सांगितले आहेत.

चिकित्सक वाचकाला या व्याख्येत दोष सहज सापडतील. दिशाभूल म्हणजे काय हे सांगताना दुसऱ्या प्रकारात पुन्हा ‘दिशाभूल होण्याचा संभव’ असेच म्हटले आहे. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने हा चक्रक दोष म्हणून उत्तरपत्रिकेत खूण केली असती. ‘महत्त्वाची माहिती’ कोणती, तेही मोकळेच सोडले आहे. तथापि या दोषांमुळे व्याख्या निकामी होत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. ‘स्वरूप, घटकद्रव्य, परिमाण, दर्जा’ हे चार शब्द तिच्या खाली पायासारखे उभे आहेत. तेलाच्या बाटलीत किती तेल आहे हे मोजता येते. गोळीत कोणते द्रव्य आहे हे प्रयोगशाळेत तपासता येते. शिकवणीवर्गाने आपले म्हणून मिरवलेले यशस्वी विद्यार्थी त्या वर्गात खरोखर किती दिवस आणि कोणत्या अभ्यासक्रमासाठी आले होते, हे हजेरीपटावरून कळते. म्हणजे जाहिरातीतील विधानाच्या बाहेर, विधानापासून स्वतंत्र असे काहीतरी अस्तित्वात असते, आणि त्याच्याशी विधान ताडून पाहता येते. ‘दिशाभूल’ हा शब्दच मुळी दिशा गृहीत धरतो. गाव कोणत्या बाजूस आहे हे ठाऊक असले तरच वाटसरूला चकवा लागला असे म्हणता येते.

शब्दाच्या भोवती या अधिनियमाने उभारलेली यंत्रणाही लक्षात घेतली पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला चौकशी करता येते, जाहिरात मागे घेण्याचा वा बदलण्याचा आदेश देता येतो, दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुनरावृत्ती झाल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो, आणि जाहिरातीत शिफारस करणाऱ्या नामांकित व्यक्तीला एक वर्षापर्यंत, पुढे तीन वर्षांपर्यंत, अशा शिफारशींपासून दूर ठेवता येते. परंतु आदेशापूर्वी संबंधितांचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे. शिफारस करणाऱ्याने यथोचित दक्षता घेतली असेल तर तो सुटतो. जाहिरात छापणाऱ्याने आपल्या नित्य व्यवसायाच्या ओघात ती छापली असेल तर त्यालाही बचाव मिळतो. मात्र ती मागे घेण्याचा आदेश झाला आहे हे ठाऊक असूनही छापली असेल तर मिळत नाही. दंडाची रक्कम ठरवताना किती लोकांवर, किती काळ आणि कोणत्या दुर्बल वर्गावर परिणाम झाला हे पाहावयाचे आहे. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राष्ट्रीय आयोगाकडे अपील आहे. ८९ व्या कलमाने दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची जी तरतूद केली, तीही थेट पोलिसांच्या हाती दिलेली नाही. प्राधिकरणाने वा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याखेरीज न्यायालयाने तिची दखल घेऊ नये असा निर्बंध ९२ व्या कलमात घातलेला आहे. पुढे ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आमिष दाखवणाऱ्या, छुप्या आणि मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींविषयी अधिक तपशील दिला.

हे सारे प्रत्यक्षात कितपत नीट चालते हा प्रश्न निराळा. एवढे मात्र खरे की ज्या राज्यात ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४-७५ मध्येच पुणे व मुंबई येथे उभी राहिली, तेथील अभ्यासकाला या मसुद्यात अनुभवाचा हात फिरलेला जाणवेल.

जाहिरात आणि विचारस्वातंत्र्य यांच्या नात्याचा इतिहासही येथे थोडा ध्यानात घ्यावा लागतो. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असा निर्णय दिला की व्यापारी जाहिरातीला विचारप्रसाराइतके संरक्षण मिळू शकत नाही. त्याच निर्णयात मात्र, कोणकोणत्या रोगांच्या जाहिरातींवर बंदी घालावयाची हे कोणताही निकष न सांगता शासनावर सोपवणारे शब्द न्यायालयाने कायद्यातून काढून टाकले. पुढे १९९५ साली टाटा प्रेस प्रकरणात, म्हणजे मुंबईतील दूरध्वनीच्या पिवळ्या पानांच्या वादात, व्यापारी जाहिरातही अनुच्छेद १९(१)(क) च्या कक्षेत येते असे ठरले. परंतु फसव्या व दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे नियमन करण्याचा राज्याचा अधिकार अबाधित राहिला. याचा अर्थ असा की ‘दिशाभूल’ हा शब्द आपल्या कायद्यात वाढला तो बाजारपेठेत. विक्रेत्याजवळ माहिती असते, ग्राहकाजवळ नसते, आणि हा असमतोल भरून काढण्यासाठी राज्य तिऱ्हाईत म्हणून मध्ये पडते, ही त्याची जन्मभूमी होय. राज्य तिऱ्हाईत असते म्हणूनच त्याचा हस्तक्षेप न्याय्य ठरतो.

२०२३ च्या नियमदुरुस्तीने नेमका हाच आधार काढून घेतला. समाजमाध्यमांसारख्या मध्यस्थांना माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ७९ व्या कलमान्वये एक अभय मिळते. इतरांनी टाकलेल्या मजकुरासाठी त्यांना जबाबदार धरले जात नाही. हे अभय टिकवावयाचे तर केंद्र सरकारच्या कारभाराविषयी जी माहिती सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने ‘बनावट, खोटी वा दिशाभूल करणारी’ ठरवली असेल, ती वापरकर्त्यांनी प्रसृत करू नये यासाठी मध्यस्थाने यथाशक्ती प्रयत्न केला पाहिजे, असे या दुरुस्तीने म्हटले. या तीन विशेषणांपैकी एकाचीही व्याख्या नियमात दिलेली नव्हती. कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड ऑफ इंडिया आणि इतर यांनी मुंबई उच्च न्यायालयात याला आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठात मतभेद झाला. न्या. गौतम पटेल यांनी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, न्या. नीला गोखले यांनी ती वैध मानली. २० मार्च २०२४ रोजी कक्ष अधिसूचित झाला, आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. तिसरे न्यायमूर्ती म्हणून न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी न्या. पटेल यांच्या मताशी सहमती दर्शवली, आणि त्याच महिन्यात खंडपीठाने दुरुस्ती रद्द केली.

न्या. गोखले यांच्या मताचा विचार घाईने बाजूस सारणे योग्य होणार नाही. बनावट, खोटे, दिशाभूल करणारे हे शब्द त्यांच्या सामान्य अर्थानेच घ्यावयाचे आहेत, आणि दुरुपयोगाची नुसती शक्यता हे नियम रद्द करण्याचे कारण होऊ शकत नाही, असा त्यांचा रोख होता. पैकी पहिला मुद्दा भाषाशास्त्राच्या दृष्टीने चिंतनीय आहे. ‘खोटे’ या शब्दाला सामान्य अर्थ आहे हे मान्य करता येईल. विधान आणि वस्तुस्थिती यांचा मेळ नसणे. परंतु ‘दिशाभूल करणारे’ या शब्दाची जात वेगळी आहे. ‘खोटे’ हे विधानाचे विशेषण आहे. ‘दिशाभूल करणारे’ हे विधानाच्या परिणामाचे विशेषण आहे, आणि परिणाम हा वाचकाच्या मनात होतो. संपूर्ण सत्य विधानही दिशाभूल करू शकते, आणि उघड अतिशयोक्ती कोणाचीच दिशाभूल करीत नाही. कर्जमाफीचा लाभ अमुक इतक्या शेतकऱ्यांना मिळाला, हे शासनाचे वाक्य खरे असेल. अर्ज केलेल्यांपैकी निम्म्यांना तो मिळाला नाही, हे विरोधकाचे वाक्यही खरे असेल. दोघांनाही समोरच्याचे वाक्य दिशाभूल करणारेच वाटेल. राजकीय वादविवाद म्हणजे बहुतांशी कोणत्या सत्यावर भर द्यावयाचा याविषयीचा वाद असतो. त्या वादातील एका पक्षाने दुसऱ्याच्या भराला दिशाभूल म्हणावे आणि तसे म्हणण्याला कायद्याचे बळ असावे, ही स्थिती शब्दाच्या सामान्य अर्थाने सुधारत नाही. न्या. पटेल यांनी केंद्र सरकारच्या कारभाराविषयीच्या माहितीलाच हे विशेष कवच का, असा जो प्रश्न उपस्थित केला, त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले असे निकालपत्रे वाचताना वाटत नाही. न्या. चांदूरकर यांनी आणखी एक विसंगती दाखवली: तोच मजकूर छापील वर्तमानपत्रात आला तर त्याला हा नियम लागू नाही, आणि पडद्यावर आला तर आहे.

(छापील वर्तमानपत्रांचा कायदाही याच सुमारास बदलला. १८६७ चा मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियम जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा अधिनियम १ मार्च २०२४ पासून अमलात आला. त्याचा आपल्या शब्दाशी संबंध नसल्याने येथे त्याचे विवेचन करीत नाही.)

आता फौजदारी कायद्याकडे. भारतीय न्याय संहितेचे १९७ वे कलम हे जुन्या दंड संहितेच्या १५३-ख या कलमाचे रूपांतर होय. ते कलम १९७२ साली घालण्यात आले होते, आणि त्याचे तीन खंड एका सूत्रात ओवलेले होते: धर्म, वंश, भाषा, प्रदेश, जात वा समाज यांवरून एखाद्या वर्गातील लोक संविधानाशी एकनिष्ठ राहू शकत नाहीत असे म्हणणे, अशा वर्गाला नागरिकत्वाचे हक्क नाकारावेत असा प्रचार करणे, आणि अशा वर्गाच्या कर्तव्यांविषयी वैमनस्य माजेल असे विधान करणे. तिन्ही खंडांत एक पीडित समूह आहे. नव्या संहितेने या तीन खंडांच्या पाठोपाठ चौथा जोडला. भारताचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता अथवा सुरक्षितता धोक्यात आणणारी खोटी वा दिशाभूल करणारी माहिती जो तयार करील अथवा प्रसिद्ध करील, त्यालाही तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. या खंडात कोणताही समूह नाही. तीन भावंडांच्या घरात हा चौथा कोठून आला, असा प्रश्न कलम सलग वाचताना पडल्याशिवाय राहत नाही. कलमाचे शीर्षक राष्ट्रीय एकात्मतेला बाधक आरोप व विधाने असे आहे. ‘माहिती’ ही काही आरोप नव्हे.

परंतु जागेपेक्षा रचना अधिक चिंताजनक आहे. या खंडात ‘जाणूनबुजून’ वा ‘हेतुपुरस्सर’ असा शब्द नाही. तो शब्द मसुदाकारांना ठाऊक नव्हता असे नाही. राजद्रोहाच्या जागी आलेल्या १५२ व्या कलमाचा आरंभच त्या अर्थाच्या शब्दांनी होतो. ‘दिशाभूल करणारी’ याची व्याख्या या कलमात नाही आणि संहितेच्या व्याख्याकलमातही नाही. सद्भावाचा अपवाद नाही. जुन्या ५०५ व्या कलमाचा अवतार असलेले ३५३ वे कलम शेजारी ठेवून पाहिले म्हणजे हा फरक डोळ्यांत भरतो. तेथे खोटी माहिती, अफवा वा वृत्त पसरवणे हा गुन्हा आहे. परंतु ते विधान खरे आहे असे मानण्यास वाजवी आधार असेल आणि ते सद्भावाने, तसा हेतू नसताना केले असेल, तर गुन्हा होत नाही असा स्पष्ट अपवाद दिलेला आहे. एकाच संहितेत, एकाच दिवशी संमत झालेल्या दोन कलमांपैकी एकात हा अपवाद आहे आणि दुसऱ्यात नाही. न्यायालये दुराशयाचे तत्त्व अशा कलमात गर्भित मानू शकतात, हे खरे; परंतु ते घडावयाचे खटल्याच्या अखेरीस.

एखाद्या जिल्हापत्राचे एक पान कल्पनेसमोर आणावे. डाव्या स्तंभात केशवर्धक तेलाची जाहिरात आहे. उजव्या स्तंभात सीमेवरील परिस्थितीविषयी बाहेरगावच्या बातमीदाराने पाठवलेली बातमी, आणि तिच्यात एक आकडा चुकलेला. तेलाच्या जाहिरातीबद्दल संपादकाला नोटीस येईल, त्याचे म्हणणे ऐकले जाईल, नित्य व्यवसायाच्या ओघात छापली असे सांगून तो सुटेलही. बातमीबद्दल त्याच्यावर दाखल होणारा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी शासनाची वा जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते हे खरे. परंतु ती मंजुरी खटल्याच्या दारावरची आहे, अटकेच्या नव्हे. ज्या संपादकाला केशतेलाच्या बाबतीत कायदा इतक्या सौजन्याने वागवतो, त्याच संपादकाला त्याच्या मुख्य धंद्याच्या, म्हणजे बातमीच्या, बाबतीत तो तेवढी सवलत देत नाही.

या विषम वागणुकीच्या मुळाशी वाचकाविषयीची एक कल्पना आहे. दिशाभूल हा परिणाम वाचकाच्या मनात होतो असे वर म्हटले. तर मग कोणाच्या मनात, हे कायद्याने सांगितले पाहिजे. ग्राहक कायदा दुर्बल वर्गाचा उल्लेख करून ते सांगतो. तेथे गृहीत धरलेला वाचक भोळा, घाईतला, आजाराने गांजलेला, कदाचित लहान मूल. आणि विक्रेत्यासमोर उभा असता त्याला तसे गृहीत धरणे योग्यच आहे. विचारस्वातंत्र्याच्या कायद्यातील वाचक मात्र आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी निराळा घडवला. नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४६ साली भगवतीचरण शुक्ल प्रकरणात असे सांगितले की शब्दांचा परिणाम मोजावयाचा तो समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसांच्या मापाने. दुबळ्या व डळमळीत मनांच्या मापाने नव्हे. स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने हे माप वारंवार उचलून धरले. नव्या १९७ व्या कलमातील चौथ्या खंडाने बाजारातला शब्द उचलून सार्वजनिक चर्चेत आणला, आणि त्याबरोबर बाजारातला भोळा वाचकही न बोलावता आत आला. नागरिक हा राज्यकारभाराचा गिऱ्हाईक नव्हे. तो त्याचा धनी आहे, निदान संविधानाच्या उद्देशिकेप्रमाणे तरी. त्याला चुकीची माहिती मिळाली तर ती खोडून काढण्याची साधने त्याच्या हाती पाहिजेत. ग्राहकाच्या अंगावर घातलेले कवच त्याच्या अंगावर घातले, तर त्यातून त्याचे तोंडही झाकले जाते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती अफवा दूरध्वनीच्या पडद्यांवरून पसरली होती. अशा वेळी खंबीर व धैर्यवान वाचकाची कल्पना घेऊन बसणे ही निष्ठुरता नव्हे काय? या प्रश्नाला बगल देता येणार नाही. परंतु राईनपाड्यासारख्या घटनेला लागू पडते ते ३५३ वे कलम, जे भीती व घबराट यांविषयीचे आहे आणि ज्यात हेतू, संभाव्य परिणाम व सद्भाव या सर्वांचा विचार केलेला आहे. तेथील विधान खोटे होते. केवळ दिशाभूल करणारे नव्हते. १९७ व्या कलमाच्या चौथ्या खंडाने त्या पाच माणसांना कोणते अधिक संरक्षण दिले असते, हे दाखवता येणे कठीण आहे. अफवेचा बंदोबस्त करणाऱ्या कलमात अपवाद ठेवता येतो आणि तरीही ते कलम समर्थ राहते, हेच उलट यावरून सिद्ध होते.

खंडाच्या समर्थनार्थ दुसरे असे म्हणता येईल की नुसती दिशाभूल पुरेशी नाही. तिने देश धोक्यात आला पाहिजे, आणि हे दार अरुंद आहे. अर्थ लावण्याच्या दृष्टीने हे म्हणणे बरोबर आहे, आणि न्यायालयांनी तसाच अर्थ लावावा. परंतु दार अरुंद की रुंद हे प्रथम ठरवतो तो पोलीस ठाण्यातील अधिकारी. शब्द मोघम असले की काय घडते हे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-क कलमाने दाखवले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. एकीने बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या, आणि दुसरीने त्यांना पसंतीची खूण केली होती. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी संपूर्णपणे रद्द केले, आणि मोघमपणा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या रद्द झालेल्या कलमातही दिशाभुलीचा उल्लेख होता. परंतु तेथे ती संदेश कोठून आला याविषयीची दिशाभूल होती, म्हणजे नव्या खंडापेक्षा अधिक मर्यादित.

इमरान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी दिलेला निर्णय या बाबतीत काहीसा दिलासा देतो. एका कवितेवरून जामनगर येथे जो गुन्हा नोंदवला होता, त्यात १९७ वे कलमही होते. न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द करताना सांगितले की, विचारस्वातंत्र्याशी निगडित अशा गुन्ह्यांत, जेथे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाला वाव आहे तेथे, गुन्हा नोंदवण्यापूर्वी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करणे उचित होय. न्या. बोस यांचे नागपूरचे मापही तेथे पुन्हा वापरले गेले. परंतु हा उपाय प्रक्रियेचा आहे. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने ‘दिशाभूल’ याचा कोणता अर्थ घेऊन चौकशी करावी, हे त्यातून कळत नाही. कळावे अशी अपेक्षाही करता येत नाही, कारण ते काम विधिमंडळाचे आहे.

मोघम शब्दाला न्यायासनावरून अर्थ देण्याचे काय होते, याचे आपल्या भाषेला सर्वांत जवळचे उदाहरण १८९७ चे आहे. टिळकांवरील पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी पंचांना ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव असे समजावले, आणि मग सरकारवर प्रेम नसणे एवढेच अपराधाला पुरेसे झाले. १९०८ च्या खटल्यात ‘केसरी’तील लेखांच्या सरकारी इंग्रजी भाषांतरावर टिळकांनी शब्दाशब्दाला हरकत घेतली, ती वकिली क्लृप्ती म्हणून नव्हे, मराठी शब्दाची छटा बदलली की गुन्हा बदलतो हे त्यांनी पूर्वीच्या खटल्यात पाहिले होते. आज स्थिती उलट दिशेने तशीच आहे. संहितेचा मसुदा इंग्रजीत झाला. महाराष्ट्रातील फिर्याद मराठीत लिहिली जाते. मूळ शब्दासाठी मराठीत ‘दिशाभूल करणारी’, ‘भ्रामक’, ‘गैरसमज पसरवणारी’ असे पर्याय सहज लेखणीतून उतरतात, आणि त्यांची व्याप्ती सारखी नाही. ‘गैरसमज पसरवणारी’ म्हटले की कोणतेही न पटणारे मत त्यात सामावते. ‘भ्रामक’ म्हटले की निदान भ्रम आणि वस्तुस्थिती यांतील अंतर दाखवण्याची जबाबदारी फिर्यादीवर येते.

दुरुस्ती कठीण नाही. १९७ व्या कलमाच्या चौथ्या खंडातून ‘वा दिशाभूल करणारी’ हे शब्द वगळावेत. ‘खोटी’ या शब्दापूर्वी ‘ती खोटी आहे हे जाणून’ असे घालावे. आणि ३५३ व्या कलमातील सद्भावाचा अपवाद येथेही लागू करावा. शत्रूला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून खोटी बातमी पसरवणारा इसम यामुळे सुटणार नाही. तोपर्यंत या खंडाखाली राज्यात नोंदल्या जाणाऱ्या फिर्यादींचा अभ्यास विभागातील विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा आहे: फिर्यादीत मूळ शब्दासाठी कोणता मराठी शब्द योजला, कोणते विधान दिशाभूल करणारे म्हणून उद्धृत केले की नुसताच निष्कर्ष लिहिला, त्या विधानाच्या विरुद्ध वस्तुस्थिती म्हणून काय दाखवले, आणि पूर्वमंजुरीच्या आदेशात यांपैकी कशाचा विचार झाला. सत्र न्यायालयांचे जामीन आदेश सार्वजनिक असतात, आणि त्यांत फिर्यादीचा मजकूर बहुधा उतरवलेला असतो. सुरुवात तेथून करता येईल.